ब्रेक लागले नाहीत म्हणे!

इकडे ये. खाली वाक आणि या टायरवर बोट फिरव. हा रुपयाएवढा सपाट चट्टा लागला हाताला? ब्रेक लागले नसते तर रबर असं घासलं असतं का? ब्रेक लागले होते रे, विमानाचं वजनच चाकांवर आलं नव्हतं. वेग जास्त असला की टेकल्यावरही पंख विमान उचलून धरतात. तू चाकं जाम करून नुसता घसरत गेलास. थेट रनवेच्या बाहेर, चिखलात. पुढच्या चाकात अजून गवत अडकलंय बघ.

काय म्हणालास? रनवे लहान आहे? नाचता येईना, अंगण वाकडं! याच रनवेवर तुझ्याआधीची पोरं सोलो झाली, त्यांना बरा पुरला.

पूर्ण फ्लॅप टाकून सेसना 172 फायनलवर किती वेगाने आणायचं शिकवलं होतं? 65 नॉट. तू आणलंस 78 ने. ‘तेराच तर जास्त’ असं तोंड करू नकोस. वेग 20 टक्के वाढला की ऊर्जा 44 टक्के वाढते, आणि ती सगळी उतरल्यावर जिरवावी लागते. बारावीला हेच गणित सोडवून मार्क घेतलेस ना? त्यात वारा मागून, 6 नॉट. विंडसॉक काय शोभेला टांगलाय? हँडबुकात छापलंय, मागून वारा असेल तर दर 2 नॉटला उतरायचं अंतर 10 टक्के वाढवून धरा. मांड आता हिशोब.

तरी एवढं मी पोटात घातलं असतं. वेग सगळ्यांचाच चुकतो, माझाही चुकलाय. पण अर्धा रनवे मागे पडला तरी तू हातभर वर तरंगतच होतास. थ्रॉटलवर हात होता ना? मग तो पुढे ढकलून न टेकता पुन्हा वर का नाही गेलास? मी सांगतो. हँगरपाशी मित्र मोबाईल धरून उभे होते, आणि गो-अराउंड केला तर हसतील अशी तुला लाज वाटली. आता चिखलातलं विमान बघून ते काय आरती ओवाळतायत?

आणि हे शिकाऊंचंच होतं असं समजू नकोस. इंग्लंडमधलं ब्लॅकबुश, 31 जुलै 2015. फेनॉम 300, छोटं खासगी जेट, वैमानिक हजारो तासांचा. थ्रेशोल्ड ओलांडताना वेग ठरल्यापेक्षा 43 नॉट जास्त. कॉकपिटमध्ये इशाऱ्यांचा नुसता गलका. चाकं टेकली 710 मीटर पुढे, आणि समोर पक्की जमीन उरली 438 मीटर. मातीच्या बांधावर आदळून विमान पलीकडच्या गाड्यांवर जाऊन पडलं आणि पेटलं. विमानातले चौघेही गेले. तुझ्यापुढे बांध नव्हता, ओलं रान होतं. म्हणून आज माझ्यापुढे मान खाली घालून उभा तरी आहेस.

आता ते गवत स्वतःच्या हाताने काढ. उद्या सकाळी 6 वाजता हजर. दहा अप्रोच, दहा गो-अराउंड. चाक एकदाही टेकवायचं नाही. मित्रांना बोलाव, सगळं शूट करू देत. मोकळ्या रनवेवरून, सगळ्यांदेखत, लाज न वाटता दहाव्यांदा वर गेलास, की मग उतरण्याचं बोलू.