तोडणीचा क्रम कोण ठरवतो?

साखर कारखान्याच्या हंगामात रोज एक निर्णय घ्यावा लागतो: आज कोणाच्या उसाला तोड द्यायची? गव्हाण रिकामी राहून चालत नाही, आणि तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटत जाते. हजारो प्लॉट, टोळ्या, वाहने आणि काटा यांचा मेळ घालणे चिटबॉयच्या वहीला पेलणारे नाही. म्हणून लागवडीच्या नोंदी, ब्रिक्सच्या तपासण्या आणि उपग्रहाची छायाचित्रे एकत्र करून तोडणी कार्यक्रम आखणारी सॉफ्टवेअर काही कारखाने स्वतःच्या गरजेप्रमाणे बनवून घेऊ लागले आहेत. ही सुधारणा हवीच आहे. मात्र क्रम कोणत्या निकषावर लागतो, हे सभासदाला कळले पाहिजे.

क्रम लावण्याच्या रीती अनेक. लागवडीच्या तारखेने लावला तर तो शेतकऱ्याला पटतो. पण आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांची पक्वता सारखी नसते. पक्वतेने लावला तर उतारा वाढतो. शिवारामागून शिवार रिकामे करत गेले तर टोळ्यांची हलवाहलव आणि वाहतुकीचा खर्च वाचतो. परतीच्या पावसानंतर काळ्या रानातून ट्रॅक्टर निघत नाही, म्हणून रस्त्याचाही विचार करावा लागतो. तयार पॅकेजला हे सारे ठाऊक नसते. इथेच खास बनवून घेतलेल्या प्रणालीचे मोल आहे.

पण प्रत्येक रीतीत कोणाला तरी थांबावे लागते. ज्याचा ऊस मार्चअखेरपर्यंत उभा राहतो, त्याचे वजन उन्हाने घटते आणि रब्बीचे पीकही हुकते. एफआरपीचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. बिल मात्र ज्याच्या त्याच्या वजनावर निघते. म्हणजे पक्वतेच्या क्रमाचा लाभ सर्वांना मिळतो आणि थांबण्याची झळ एकट्याला बसते. उताऱ्याला किती महत्त्व द्यायचे आणि थांबलेल्या दिवसांना किती, हा आकडा प्रोग्रॅममध्ये कोणीतरी भरतोच. तो भरणे म्हणजे धोरण ठरवणे होय.

जुनी पद्धत निर्दोष होती असे मुळीच नाही. संचालकाची ओळख, टोळीला द्यावी लागणारी खुशाली, वाहनाची एन्ट्री यांनी कित्येकांना गांजले. पण निदान कोणाशी भांडायचे हे माहीत होते. ‘नंबर संगणकाने लावला’ हे उत्तर आले की भांडायला माणूसच उरत नाही.

व्यवसायासाठी संगणक वापरण्याचा पहिला मोठा प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. ब्रिटनमधल्या जे. लायन्स या चहागृहे आणि बेकऱ्या चालवणाऱ्या कंपनीने ‘लिओ’ हा संगणक स्वतःच उभारला आणि १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचे हिशेब सुरू केले. पुढे चहागृहांच्या रोजच्या मागण्याही त्यावर आल्या. नेहमीची मागणी यंत्रात असे. उद्यासाठी तीत काय बदल हवा, ते चहागृहाची व्यवस्थापिका फोनवरून कळवी. प्रणाली कामाची खडानखडा माहिती असलेल्यांनी बांधली होती आणि जागेवरच्या माणसाचा शब्द तिच्यात शिरू शकत होता.

त्याच देशात १९९९ पासून डाकघरांमध्ये ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली आली. तिने दाखवलेली तूट खरी मानून नऊशेहून अधिक जणांवर खटले झाले. प्रणाली सदोष होती, हे न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. शेकडो शिक्षा एकदम रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये कायदा करावा लागला. संगणकात दोष असणे स्वाभाविक आहे. त्याच्या आकड्याला हरकत घेण्याची वाट बंद ठेवणे हा मात्र माणसांनी केलेला अन्याय होता.

आपल्या सहकारी कारखान्यांना ती वाट खुली ठेवणे अवघड नाही. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि गाळप त्यानंतर सुरू होते. त्या सभेत तोडणीचे निकष आणि त्यांचे भारांक मराठीत मांडून मंजूर करावेत. प्रत्येक सभासदाला आपला क्रम आणि त्याचे कारण मोबाइलवर आणि गट कार्यालयातल्या फलकावर दिसावे. क्रम हाताने बदलला तर कोणी आणि का बदलला, याची नोंद राहावी. आणि हरकतीचा निकाल ठरलेल्या मुदतीत एखाद्या नाव असलेल्या अधिकाऱ्याने द्यावा.

निकष उघड केले तर लोक लागवडीच्या खोट्या तारखा नोंदवतील, असा आक्षेप येईल. तशा नोंदी आजही होतात, आणि त्यांवर उपाय म्हणजे बांधावरची तपासणी. गुप्ततेने खोटी नोंद थांबत नाही. ज्याची आत ओळख आहे, त्याला निकष तसेही कळतात. अंधारात राहतो तो दोन एकरवाला. कारखाना त्याच्याही भागभांडवलावर उभा आहे. म्हणून त्याच्या उसाचा क्रम लावणाऱ्या निकषावर मत देण्याचा त्याला हक्क आहे, आणि तो हक्क सॉफ्टवेअरच्या कंत्राटातच लिहिला गेला पाहिजे.