अब्बांची छागल कोणाची?

घरातील कर्ता माणूस अल्लाहला प्यारा झाला, की त्याच्यामागे दोन प्रकारच्या वस्तू उरतात. काहींची किंमत सर्वांना ठाऊक असते. शेत, दुकान, दागिने, बँकेतील ठेव यांचा विषय कोणी ना कोणी लवकरच काढतो. बाकीच्या वस्तू ओसरीच्या खुंटीवर, दाराआड किंवा माळ्यावर पडून असतात. जुनी घोंगडी, बॅटरी, छत्री, टायरच्या वहाणा, सायकल. त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. एक दिवस त्या थोरल्या मुलाच्या घरी दिसतात, नाही तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर.

वाचक बंधू-भगिनींनो, आज या खुंटीवरच्या वस्तूंविषयी आपल्याशी बोलायचे आहे. आई-वडिलांच्या वस्तू आठवण म्हणून जवळ ठेवणे जायज आहे का, असे शिरपुरात मला अनेकदा विचारले जाते. त्याआधीचा प्रश्न मात्र फार क्वचित कानी येतो. ती वस्तू आता आहे कोणाची?

माणसाचा श्वास थांबला की त्याच्या मालकीचे काहीच त्याचे राहत नाही. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेतील वसीयत, आणि उरले ते वारसांचे, असा शरीअतचा क्रम आहे. सूरह अन्-निसाच्या सातव्या आयतीत पुरुषांचा हिस्सा सांगून झाल्यावर स्त्रियांचा हिस्सा पुन्हा स्वतंत्रपणे सांगितला आहे, आणि मागे राहिलेले अगदी थोडे असले तरी हिस्सा ठरलेलाच आहे, असे बजावले आहे. त्या ‘थोड्या’मध्ये खुंटीवरची बॅटरीही येते. समजा, मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, आणि मृताचे आई-वडील हयात नाहीत. मालमत्तेचे ४० भाग करा. ५ पत्नीचे, १४-१४ मुलांचे, ७ मुलीचे. आता एका बॅटरीचे ४० भाग कसे करणार, असे कोणी हसून विचारील. करायचे नसतातच. किंमत ठरवून एकाने घ्यावी, किंवा सर्वांनी राजीखुशीने एकाला द्यावी. पण विचारावे लागते. वारसांत एखादे अजाण लेकरू असेल तर त्याच्या वतीने उदार होण्याचा अधिकार कोणालाच नाही. अनाथाचे खाणाऱ्याला याच सूरहच्या दहाव्या आयतीत किती कठोर इशारा दिला आहे, ते आपण जाणता.

खानदेशातील आपल्या घरांत अम्माची ओढणी मुलीला दिली जाते आणि बहिणीचे पाणी तेवढ्यावर सुटते. अब्बांची सायकल आणि घोंगडी मुलांची, हे जणू ठरलेलेच असते. कोणत्या किताबात ते लिहिले आहे, हे मला आजवर कोणी दाखवलेले नाही.

हा हक्काचा भाग झाला. आता आठवणीचा. मृताची वस्तू जपणे म्हणजे ईमानाची कमजोरी, असे काही उत्साही तरुण सांगतात. मला ते पटत नाही. हजरत आयेशा (रजि.) यांनी ठिगळ लावलेली एक जाड चादर आणि जाडेभरडे तहबंद बाहेर काढून दाखवले आणि प्रेषितांचा (स.) अंत याच वस्त्रांत झाला, असे सांगितले, ही नोंद सहीह बुखारीत आहे. प्रेषितांच्या (स.) वस्तूंचा दर्जा वेगळा आहे, आपल्या अब्बांच्या सदऱ्याला कोणी तबर्रुक समजू नये, हे खरेच. पण वस्तू पाहून गलबलून येणे हा काही गुन्हा नव्हे. बद्रच्या लढाईनंतर कैद्यांची खंडणी येऊ लागली, तेव्हा हजरत जैनब (रजि.) यांनी पतीच्या सुटकेसाठी एक हार पाठवला. तो त्यांची आई हजरत खदीजा (रजि.) यांनी लग्नात दिलेला होता. खदीजांना जाऊन तेव्हा काही वर्षे लोटली होती. हार पाहताच प्रेषितांचे (स.) अंतःकरण भरून आले. तरीही त्यांनी तो हुकूम देऊन परत केला नाही. तुम्हाला योग्य वाटत असेल तर तिचा कैदी सोडा आणि तिची वस्तू तिला परत द्या, अशा आशयाची विचारणा त्यांनी साथीदारांना केली, आणि ते राजी झाले. डोळे भरलेले असतानाही ज्यांचा हक्क त्यांना विचारले गेले. अबू दाऊदच्या संग्रहातील ही हदीस मी जेव्हा जेव्हा शिकवतो, तेव्हा या जागी थांबतो.

बाहेर वापरायच्या वस्तूंची मात्र आणखी एक गोष्ट आहे. घरातला बाप आपल्याला ठाऊक असतो. तो कसा जेवतो, कशावर रागावतो, कोणत्या कुशीवर झोपतो, सारे आपण पाहिलेले असते. वाटेवरचा बाप आपण पाहिलेला नसतो. त्या बापाला त्याच्या वहाणा आणि त्याची घोंगडी आपल्यापेक्षा अधिक ओळखतात.

माझे वडील मन्यार होते. बांगड्यांची पेटी सायकलला बांधून ते सातपुड्याच्या पायथ्याचे बाजार करीत. सांगवी, बोराडी, कधी महामार्गाने पळासनेरपर्यंत. आतल्या पावरा पाड्यांवर सायकल जात नसे. तेथे ते पेटी खांद्यावर घेऊन चालत आणि रात्र झाली तर मुक्काम करीत. त्यांच्या वस्तू मोजक्या होत्या. तीन सेलची बॅटरी. काळी घोंगडी, जी थंडीत अंथरूण, पावसात खोळ आणि नमाजच्या वेळी मुसल्ला होई. तिचा एक भाग गुडघे टेकून टेकून विरळ झाला आहे. आणि एक छागल.

तरुण वाचकांनी छागल कदाचित पाहिलीही नसेल. जाड कॅनव्हासची पिशवी, तोंडाला बूच. आधी भिजवून घेतली की तिचे कापड फुगते आणि पाणी गळत नाही, फक्त झिरपते. सायकलच्या दांडीला टांगली, की वारा लागून बाहेरचा ओलावा उडत राहतो आणि आतले पाणी थंड होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा अरुणावतीचे पात्र कोरडे आणि डोंगरातले झरे आटलेले. त्या दिवसांत त्या पिशवीची किंमत बांगड्यांच्या पेटीहून अधिक असे.

वडील गेल्यानंतर काही आठवड्यांनी बोराडीकडच्या एका पाड्यावरचे वृद्ध गृहस्थ विचारत विचारत दारी आले. त्यांना मृत्यूची खबर बाजारात लागली होती. बराच वेळ ते ओसरीवर बसून होते. मग त्यांची नजर खुंटीवर गेली. तुमचा बाप उन्हाळ्यात आमच्या पोरांना यातले पाणी पाजायचा, ते म्हणाले, आणि स्वतः मात्र नमाजाआधी जमिनीवर हात मारून तोंडावर फिरवायचा. असे का, ते आम्हाला कधी कळले नाही.

त्यांना तो शब्द माहीत नव्हता. मला माहीत होता. जवळचे पाणी स्वतःची किंवा दुसऱ्याची तहान भागवायला लागणार असेल, अगदी जनावराचीही, तर वजू न करता तयम्मुम करावा, हा मसला मी मदरशात पाठ केलेला आहे. तो पाळणारा माणूस आमच्या घरात राहत होता, हे मला त्या दुपारी त्या पाहुण्याकडून कळले.

म्हणून वाचकहो, वडिलांच्या वाटेवरच्या वस्तू हातात घेताना त्या वाटेवर त्यांना भेटलेल्या माणसांचा विचार करा. सहीह मुस्लिममध्ये हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचा प्रसंग आहे. मक्केच्या वाटेवर त्यांना एक खेडवळ अरब भेटला. उंटाच्या स्वारीचा कंटाळा आला की ज्यावर ते बसत ते गाढव त्यांनी त्याला देऊन टाकले, आणि डोक्याचा पटकाही. बरोबरचे लोक म्हणाले, हे खेडवळ लोक, थोडक्यातही खूश झाले असते. त्यावर अब्दुल्लाह यांचे उत्तर असे, की याचा बाप माझ्या वडिलांचा स्नेही होता, आणि बापाच्या स्नेह्यांशी नाते राखणे हे मोठ्या पुण्याचे काम आहे, असे मी प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे. हजरत उमर (रजि.) यांची आठवण त्यांनी प्रवासातील गरजेच्या दोन वस्तू देऊन राखली. त्या वस्तू त्यांच्या स्वतःच्या होत्या, हेही ध्यानात घ्यावे. दुसऱ्याच्या हिश्श्यातून दानशूर होणे फार सोपे असते.

आमच्या घरी वाटणी झाली ती अशी. सायकल थोरल्या भावाने किंमत लावून घेतली. बॅटरी अम्मांना हवी होती. घोंगडी त्या वृद्ध पाहुण्यांना द्यावी, यावर सर्व एकमत झाले. आणि छागल माझ्या बहिणीने मागितली. आम्हा भावांना नवल वाटले. ती म्हणाली, लग्न होईपर्यंत रोज फजरच्या आधी ती मीच भरीत होते, तुम्ही दोघे झोपलेले असायचात. छागल तिच्याकडे गेली.

राहिली उधारीची वही. ती पेटीच्या तळाशी सापडली. हातात पैसा नसला तर पाड्यावरच्या बाया बांगड्या उधार घेत आणि पीक निघाल्यावर किंवा मोहाच्या हंगामात फेडत. अडचणीतील कर्जदाराला सवलत द्यावी, आणि माफ करणे त्याहून चांगले, असे सूरह अल्-बकरहत सांगितले आहे. पण ते येणे आता वडिलांचे नसून आम्हा चौघांचे होते, म्हणून अम्मांपासून बहिणीपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र विचारले आणि मगच त्या नावांवर रेघ ओढली. शेवटच्या पानावर मात्र तीन ओळी येण्याच्या नाहीत, देण्याच्या आहेत. मुक्कामाची ज्वारी, रॉकेल, आणि एका पाड्यावर घेतलेली कोंबडी. नावे अर्धवट आहेत, गावे नाहीत. ही रक्कम आम्ही वाटणीच्या आधीच बाजूला काढली. दोघांचा पत्ता त्या वृद्ध पाहुण्यांनी सांगितला. तिसऱ्यासाठी थोरला भाऊ आणि मी या आठवड्यात त्याच सायकलवर सांगवीचा बाजार गाठणार आहोत.