पडद्याआडचा वाटाड्या

नोव्हेंबर महिना आला की आपण आपल्या मृतांची नावे मिस्सासाठी लिहून देतो. ती लिहिताना कोणाच्या कर्मांचा हिशेब आपण मांडत नाही. परंतु युद्धात शहरांवर बाँब टाकताना मारल्या गेलेल्या तरुणाचे स्मरण करायचे झाले, तर तो हिशेब टाळता येईल काय? हा प्रश्न आम्हांला गेले काही दिवस अस्वस्थ करीत आहे.

लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या 'बॉम्बर कमांड'चे स्मारक उभे आहे. या शाखेचे ५५,५७३ तरुण दुसऱ्या महायुद्धात कामी आले. बहुतेक विशी-बाविशीतले आणि सगळे स्वेच्छेने आलेले. तरीही स्मारक व्हायला २०१२ साल उजाडले. त्याच्या छतात एका हॅलिफॅक्स विमानाचे अॅल्युमिनियम वापरले आहे. हे विमान मे १९४४ मध्ये बेल्जियमच्या दलदलीत कोसळले आणि त्यातील आठही जण मरण पावले. १९९७ साली ते उकरून काढले, तेव्हा तिघांचे देहावशेष आतच सापडले. त्रेपन्न वर्षे त्यांच्या घरच्यांना कबरीवर फूल ठेवायलाही जागा नव्हती.

अशा प्रत्येक विमानात एक नेव्हिगेटर असे. आपल्या भाषेत वाटाड्या. लँकेस्टर विमानात तो पडद्याआड बसे, कारण त्याच्या दिव्याचा उजेड बाहेर दिसता कामा नये. नकाशा, पेन्सिल, घड्याळ. वाऱ्याने विमान किती ढळले याचे गणित. खाली काय जळते आहे ते पाहण्याची त्याला गरज नसे. बाँब सोडणारा हात दुसऱ्याचा असे. मात्र त्याची रेघ चुकली, तर विमान लक्ष्यापर्यंत पोहोचत नसे आणि सोबत्यांना घरची वाटही सापडत नसे. एकाच पेन्सिलीने तो दोन्ही वाटा आखीत होता.

जुलै १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्गमध्ये आगीचे वादळ उठले. त्या हल्ल्यांत पस्तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत बायका, मुले, म्हातारी माणसे किती तरी. हिटलरचा पाडाव व्हायलाच हवा होता, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण नाझींचे कट्टर विरोधक असलेले अँग्लिकन बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश संसदेत या बाँबफेकीला जाब विचारला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही सरसकट शहरे उद्ध्वस्त करणे हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा ठरविला.

मग त्या पोराचे काय? 'त्याने केवळ हुकूम पाळला' असे म्हणून त्याला सोडवावे, हे आम्हांला पटत नाही. तसे म्हणणे म्हणजे त्याला होकायंत्राच्या पंक्तीत बसविणे होय. त्याला सदसद्विवेकबुद्धी होती, भीती होती, आई होती. तीस मोहिमांची एक पाळी. ती पुरी होईतो जगण्याची शाश्वती नाही, हे त्याला ठाऊक होते, तरी तो विमानात चढत राहिला. त्याच्या धैर्यापुढे आमची मान लवते. ते धैर्य ज्या कामी लावले गेले, तिथे ती ताठ होते. (हुकूम देणारे बहुधा म्हातारे होऊन अंथरुणात मेले, हेही विसरू नये.)

त्या स्मारकावर १९३९ ते १९४५ च्या बाँबफेकीत बळी पडलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचे स्मरणही कोरलेले आहे. यंदाच्या यादीत आम्हीही त्या वाटाड्यासाठी एक ओळ लिहिली आहे, आणि तिच्याखाली हॅम्बुर्गच्या मृतांसाठी दुसरी. दोन्हींसाठी मिस्सा एकच.