आधार मिळाला की

खिडकीतला मनीप्लांट आज जरा निरखून बघा. वेल खाली लोंबत गेली, की नवी पानं लहान होत जातात. तीच वेल अंगणातल्या आंब्यावर चढू द्या. आधार मिळाला की पान सुपाएवढं होतं. वेल मात्र तीच.

मग घरातली माणसं आठवतात. अभ्यासात मागे पडलेलं पोर. निवृत्तीनंतर गप्प झालेले बाबा. त्यांना आपण उपदेशाचं खत घालतो, तेही रोज! आधार मिळाला की माणूसही वर बघतो. आधार म्हणजे शेजारी बसणं. मध्ये न बोलता ऐकणं.

आज कुंडीत काथ्या गुंडाळलेली काठी रोवा. वेल सैल दोऱ्याने बांधा. आणि चहाचे दोन कप घेऊन बाबांच्या खोलीत जा.