विजोड सामना

मुलुंडच्या पूर्वेस संभाजी मैदान आहे. तेथे सायंकाळचा फेरफटका आटोपल्यावर आम्ही चार मंडळी थोडा वेळ एका बाकावर बसतो. सारे पन्नाशी ओलांडलेले. एक वकील, एक दंतवैद्य, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ, आणि शिकविता शिकविता केस पांढरे झालेला प्रस्तुत लेखक. राजकारणावर बोलावयाचे नाही असा आमचा अलिखित नियम आहे. कारण त्या विषयामुळे पूर्वी दोन वेळा बाक ओस पडला होता. तेव्हा संभाषण बहुधा समोर चाललेल्या मुलांच्या खेळाकडे वळते. गेल्या पंधरवड्यात बँकेच्या गृहस्थांनी एक प्रश्न टाकला. "समजा, जसप्रीत बुमराने आपणां प्रत्येकास एकेक षटक टाकले. सहा चेंडूंत एक धाव कोण काढील?"

प्रश्न पोरकट आहे हे सर्वांस मान्य होते. तरी उत्तर देण्याचा आळस कोणीच केला नाही. सहांपैकी एखादा चेंडू बॅटीची कड घेऊन मागे निसटेलच, असे वकिलांचे म्हणणे पडले. दंतवैद्य म्हणाले, "मी बॅट नुसती धरून उभा राहीन, चेंडूच आपण होऊन तिच्यावर येऊन आदळेल." पायाला लागून निघालेली धाव धरावयाची की नाही, असा उपप्रश्न खुद्द प्रश्नकर्त्यांनी काढला; त्यावर ती धाव संघाच्या खाती जमा होते, तुमच्या नव्हे, असा निकाल वकिलांनी दिला. मी गप्प होतो. परंतु तो शहाणपणा नव्हता. मनातल्या मनात मी त्याच क्षणी पुढे वाकून एक चेंडू तटवीत होतो.

घरी आल्यावर मी थोडे गणित केले. ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो. तेवढ्या अवधीत तो कोठे पडणार हे ओळखावयाचे, पाय हलवावयाचा आणि बॅट आणावयाची. मला चष्म्याच्या दोन काचांपैकी कोणत्या काचेतून पाहावयाचे हे ठरविण्यासच याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे उत्तर स्पष्ट होते. तरीही चौघांपैकी एकानेही ते उच्चारले नाही. या बाबतीत आमचे बाक एकाकी नाही, हेही नमूद केले पाहिजे. २०१९ साली इंग्लंडकडील लोकांस एका पाहणीत विचारण्यात आले की, सेरेना विल्यम्सशी टेनिस खेळताना तुम्ही एक तरी गुण मिळवाल काय? पुरुषांपैकी सुमारे आठांत एकाने 'होय' असे उत्तर दिले. तोवर त्या बाईंनी एकेरीची २३ मोठी अजिंक्यपदे मिळविली होती.

या आत्मविश्वासास हसणे सोपे आहे. परंतु हसून प्रश्न मिटत नाही. आपल्या इमारतीतील कोणीही गृहस्थ, 'सहा रोगी दिले तर एकाचे हृदय मी दुरुस्त करीन' असे म्हणत नाही. मग खेळातच हा धीर कोठून येतो? एक कारण असे की, उत्तम कौशल्य आपले कष्ट लपविते, आणि जे सहज दिसते ते सहज असते असा आपला समज होतो. दुसरे असे की, खेळात दैवाला जागा आहे, आणि दैव आपल्या बाजूचे असेल असे मानावयास कोणाचीच हरकत नसते. परंतु मला वाटते, खरे कारण याहून खोल आहे. आम्हांस ती धाव नकोच असते. आम्हांस त्या पुरुषासमोर उभे राहावयाचे असते. आयुष्यभर आपण आपल्यासारख्यांतच वावरतो, आपल्यासारख्यांशीच तुलना करून घेतो, आणि एक दिवस असे वाटू लागते की, आपली उंची खऱ्या मोजपट्टीला लावून कोणी पाहिलीच नाही. त्या प्रश्नाच्या पोटी ही हुरहुर आहे. तो अहंकार आहे खरा. पण मापून घेण्याची इच्छा बाळगणारा अहंकार, माप टाळणाऱ्या अहंकाराहून निराळा धरला पाहिजे.

महाभारताच्या सभापर्वात या भेदाचे एक नामी उदाहरण आहे. कृष्ण, भीम आणि अर्जुन जरासंधाच्या नगरीत जातात आणि तिघांपैकी कोणाशी लढावयाचे ते तूच ठरव, असे त्याला सांगतात. जरासंध काही सज्जन नव्हता. कित्येक राजांना त्याने बंदीत टाकले होते. परंतु येथे तो भीमाला निवडतो, आणि हरावयाचेच तर श्रेष्ठाकडून हरलेले बरे, असे म्हणतो. दुष्टाच्या तोंडी व्यासांनी घातलेले हे वाक्य पुष्कळ सज्जनांनी पाठ करण्याजोगे आहे. त्या निवडीत त्याचा प्राण गेला. अभिमान मात्र शाबूत राहिला.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्याच प्रांतातले आहे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याच्या पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी सामना झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत संपला. मग महाराष्ट्राने ४ गडी बाद ८२६ धावा केल्या, आणि त्यांत भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनने १९३० साली केलेल्या नाबाद ४५२ धावांचा उच्चांक मोडावयास दहा धावा पुरे होत्या. त्या धावा कधीच झाल्या नाहीत. काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला आणि संघासह ते निघून गेले. ज्या डावात तो उच्चांक मोडला गेला त्यात आपण प्रतिपक्ष होतो, असे इतिहासात नोंदले जाणे त्यांस नको होते, असे सांगतात.

या गृहस्थांवर टीका पुष्कळ झाली आहे. मला त्यांच्याविषयी थोडी कणवही वाटते. त्याच वर्षाच्या आरंभी काठेवाडातील संस्थाने सौराष्ट्रात विलीन झाली होती. ज्याचे राज्य नुकतेच गेले त्याला मैदानावरही दोन दिवस चेंडूमागे धावावे लागावे, हे मनाला लागणारे आहे. शिवाय सामना हाती असता केवळ उच्चांकासाठी खेळत राहणे कितपत उदार, असाही प्रश्न करता येईल. तथापि दोन्ही बाजूंस प्रौढ माणसे होती, आणि राजीखुशीने मैदानात उतरली होती. जो आपण होऊन माप देण्यास उभा राहिला, त्याने आकडा मोठा दिसू लागताच मोजपट्टी हिसकावून घेऊ नये. आणि नियतीची गंमत अशी की, दहा धावा होऊ दिल्या असत्या तर काठेवाडचे नाव एका आकड्याखाली दडून गेले असते. ब्रॅडमनचा उच्चांक पुढे १९५९ साली हनीफ महंमदने मोडलाच. पण त्या न झालेल्या दहा धावा आजही लोक सांगतात, आणि त्या सांगताना राजकोटचे नाव घेतात. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी सामना मिळाला नाही. २०१२ साली ते वारले; भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील सर्वांत मोठी खेळी मात्र अद्याप त्यांचीच आहे.

येथवर न्याय सोपा वाटतो : दुबळ्याने पळू नये आणि बलवानाने हात राखू नये. पण हा न्याय जसाच्या तसा घेऊन आमच्याच लोहमार्गावर थोडे पुढे कल्याणला गेले, तर तो अडखळतो. जानेवारी २०१६ मध्ये तेथे झालेल्या एका आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ साली इंग्लंडातील एका शाळकरी मुलाने केलेला नाबाद ६२८ धावांचा उच्चांक ११६ वर्षांनी मोडला. संघाने ३ गडी बाद १४६५ वर डाव सोडला. प्रतिपक्षाचे दोन डाव झाले ३१ आणि ५२ धावांचे. त्या शाळेची मोठी मुले परीक्षांमुळे न आल्याने लहान वयाची मुले खेळविली गेली, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते.

प्रणवला दोष द्यावयाचा नाही. समोर आलेला चेंडू मनापासून मारणे हा त्याचा धर्म होता, आणि हजार धावा होईतो उभे राहावयास अंगात रग लागते. पण ज्या मुलांनी ते दोन दिवस चेंडू आणून दिले, त्यांचा विचार कोणी केला? जरासंधाने भीमाला निवडले होते. ठाकूरसाहेब स्वतः कर्णधार होते. या मुलांनी काहीच निवडले नव्हते. आपल्याकडील कुस्तीच्या फडात जाणती माणसे आधी पैलवानांचे वजन आणि तयारी पाहून जोड लावतात. विजोड कुस्ती लागली तर दोष पैलवानांचा नसतो, जोड लावणाऱ्यांचा असतो. कल्याणची जोड मोठ्या माणसांनी लावली होती. आणि तरीही ती पोरे मैदान सोडून गेली नाहीत. राजकोटच्या अधिपतीस जे साधले नाही ते त्यांना साधले. पण त्यांच्या नावाने कोणी टाळी वाजविली नाही.

या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. त्या विक्रमानंतर मुंबई क्रिकेट संघटनेने प्रणवला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. २०१७ साली त्याच्या वडिलांनी संघटनेस लिहून ती बंद करावयास सांगितले. मुलाचा खेळ अपेक्षेप्रमाणे होत नाही, तेव्हा पैसा घेणे योग्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हे गृहस्थ रिक्षा चालवून संसार करीत. मला ही गोष्ट त्या १००९ धावांहून लहान वाटत नाही. स्वतःचे माप खरे सांगणे, आणि तेही नुकसान सोसून, याहून अभिमानाची शोभा ती कोणती?

तेव्हा मी अशा निर्णयास येतो. समोरचा समजून उमजून उभा राहिला असेल, तर बलवानाने त्याला खरा खेळ द्यावा. तोच त्याचा मान. समोरच्याला निवडच नव्हती असे दिसेल, तर हात आखडावा. तो बलवानाचा मान. हा निर्णय केवळ पुस्तकी नाही. तो मला अनुभवाने शिकविला, म्हणून तेही सांगून टाकतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात प्राध्यापक आणि विद्यार्थी असा सामना झाला. माझ्यासमोर गोलंदाजीस माझाच एक विद्यार्थी आला. पावसाळ्यात कांगा लीगमध्ये खेळणारा, उंच, जलद. त्याने धाव न घेता दोन पावलांवरून एक चेंडू हलकेच सोडला. मी तो मारला आणि दोन धावा काढल्या. टाळ्यांचा गजर झाला, आणि माझे कान लाल झाले. वयस्कर माणसाला कोणी हात धरून रस्ता ओलांडून द्यावा, तशी ती टाळी होती. मी त्याला म्हणालो, "अरे, खरा टाक."

"सर, नको."

"टाक, मी सांगतो."

तो मागे गेला. बराच मागे गेला. त्यानंतर मला चेंडू दिसला नाही. मागे लाकडाचा आवाज ऐकू आला, आणि वळून पाहतो तो मधली यष्टी जमिनीवर आडवी. तो धावत येऊन म्हणाला, "सर, लागले नाही ना?" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दोन धावांची हकीकत मी आजवर कोणास सांगितली नव्हती. त्या यष्टीची मात्र अनेकांस सांगितली आहे.

परवा बाकावर ती पुन्हा सांगितली. बँकेचे गृहस्थ थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "मग प्रश्न बदलू या. धाव राहू द्या. बुमरासमोर सहाही चेंडू उभा कोण राहील?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी वकिलांनी विचारले, "शिरस्त्राण मिळेल ना?"