नियम कोणाच्या घड्याळानं?

दशलक्षण पर्वात एखादीनं दहा दिवस उपास केले की पारण्याला सगळी गल्ली लोटते. तीच बाई लग्नाच्या पंगतीत "श्रीखंड नको, गुडघे दुखतात" म्हणाली की लगेच सुरू होतं, "एका वाटीनं काय होतंय? नखरेच जास्त!" नाकारलं दोन्ही वेळेला अन्नच. पण देवासाठी, नवऱ्यासाठी, लेकरांसाठी उपाशी राहणारी बाई आपल्याला चालते. स्वतःच्या गुडघ्यांसाठी "नको" म्हणणारी चालत नाही. मला हे फार दिवस खटकत होतं, आणि मागच्या वर्षी लेकीकडं लेस्टरला दोन महिने राहून आल्यावर जास्तच खटकायला लागलं.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपं सांगितलीत. त्यात अनशन पहिलं, पण लगेच दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं. पुढं रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ यातलं काहीतरी सोडणं. डॉक्टरांनी मला दिलेला कागद वाचला तर निम्म्याहून जास्त यातच बसतो! मग फरक कुठला? फरक हेतूचा, असं पंडितजी सांगतात. फळाची इच्छा धरून केलेलं तप म्हणजे निदान, आणि निदान हे शल्य. वजनकाट्यावर उभं राहण्यासाठी सोडलेलं तूप हे तप नव्हे, हे मला पटतं. पण म्हणून ते शरीराचे चोचले, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो म्हणतात. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीला सहाशेच्या वर पायऱ्या आहेत. डोलीत न बसता त्या चढायच्या असतील तर शरीराकडं बघायलाच हवं. त्याला व्रत म्हणू नये, नियम म्हणावं. नियमाला पारण्याची मिरवणूक लागत नाही.

आता परदेशाचं. प्रवासात नियम मोडतो तो भुकेनं कमी आणि अर्थ लावण्यानं जास्त. लेस्टरमध्ये तर उपासमारीची सबबही सांगता येत नाही. बेलग्रेव्ह रोडवर गुजराती मिठाईची आणि फरसाणाची दुकानं ओळीनं उभी आहेत, आणि जैन मंदिर शहरातच आहे. अडचण वेगळीच निघाली. आमच्या घरी सूर्यास्ताआधी जेवायचं हा जुना रिवाज, आणि डॉक्टरांचा हुकूम सातच्या आत जेवायचा. बेळगावात या दोन्हींचं कधी भांडण झालं नाही, सूर्य आणि डॉक्टर जवळजवळ एकाच वेळेला बोलतात. जूनमध्ये लेस्टरला सूर्य मावळतो साडेनऊच्या सुमाराला! जावयांची मावशी हसून म्हणाल्या, "विहीणबाई, इथं नऊ वाजता जेवलं तरी धर्म सांभाळतो की." धर्म सांभाळतो, खरंच. पण रात्रीभोजनाचा त्याग आहे तो अंधारात दिसेनासे होणारे जीव वाचावेत म्हणून, आणि सातची वेळ आहे ती जेवण आणि झोप यांत अंतर राहावं म्हणून. एका नियमाची सवलत दुसऱ्याला कशी लावणार? सूर्य अजून वर आहे म्हणून जेवायलाच पाहिजे असं तर कुठं लिहिलेलं नाही.

इथं मला गांधीजी आठवतात. 1888 मध्ये विलायतेला निघताना आईच्या समाधानासाठी त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर मद्य, मांस आणि परस्त्रीपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. तिकडं गेल्यावर अंडं म्हणजे मांस नव्हे असा अर्थ त्यांच्यापुढं आला. थोडे दिवस त्यांनी तो मानलाही. मग विचार केला, की आईनं "मांस" म्हटलं तेव्हा तिच्या मनात काय होतं? तिच्या अर्थात अंडंही होतं. त्यांनी ते सोडलं. ज्यानं वचन घेतलं त्याचाच अर्थ खरा, ही कसोटी मला फार कामाची वाटते. डॉक्टर "साखर नको" म्हणाले ते विमानातल्या फळांच्या रसालाही लागू, चहाबरोबरच्या बिस्किटालाही. चौकशी करायला डॉक्टर तिथं नव्हते एवढंच.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. अवघड पुढंच.

माझी लेक दोन वर्षांनी मला भेटत होती. कामावरून येऊन, थकलेली, रविवारी तिनं पुरण घातलं. वृत्तिपरिसंख्यानात मुनिमहाराज आपला आहाराचा संकल्प कुणाला सांगत नाहीत. ओझं स्वतःच्या पोटावर, वाढणाऱ्याच्या मनावर नाही. मीही तसंच ठरवलेलं. काही न बोलता एक पोळी घेतली, वर तूप नाही, आणि पानावरून उठले. तिनं विचारलं, मी सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "आई, इथं सगळं मोजूनच चालतं. वेळ मोजून, पैसे मोजून, सुट्ट्या मोजून. तू आलीस की तेवढं तरी न मोजता वाढू दे."

याला उत्तर काय? दुसऱ्याच्या देण्याला हात आडवा लावला तर तीही दुखावणूकच, आणि आपल्याकडं दुखावणं हलकं मानत नाहीत. पण उद्या माझे गुडघे गेले तर मला उठवायला बसवायला तीच रजा मोजत येणार, हेही खरं. एक पोळी आणखी खाल्ली असती तर वजनाचं फार बिघडलं नसतं, मला माहीत होतं. आणि "एकीनं काय होतंय" हे वाक्यही माहीत होतं. आम्ही दोघींनी तडजोड अशी काढली की ती हवं तितकं वाढेल, आणि उरलेलं आम्ही दोघी मिळून शेजारच्या म्हाताऱ्या पंजाबी आजींकडं पोहोचवू. आजी खुश! लेकीचं देणं झालं, माझा नियम राहिला. लेक मात्र म्हणते की हा वकिली मार्ग आहे.

आता तिनं डिसेंबरात बोलावलंय. तेव्हा तिकडं सूर्य चारच्या आत मावळतो. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणजे साडेतीनला, घरात एकटीनं; ती येणार सहाला. फोनवर तिनं विचारलं, "आई, या खेपेला कुणाचं घड्याळ?" मी तिला म्हटलं, तू तिकीट काढ आधी.