निलंग्यात लिनक्स किती?

निलंगा तालुक्यातल्या किती संगणकांवर लिनक्स चालतं, हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. संगणक म्हणजे काही रानातली पाखरं नव्हेत. टेबलावर एका जागी बसलेले असतात. तरी आकडा हाती लागत नाही. कारण मोजणारा यंत्रापर्यंत जातच नाही. तो यंत्राने मागे सोडलेली कुठली तरी खूण मोजतो.

विक्रीचंच बघा. आपल्याकडे विंडोजशिवायचे लॅपटॉप थोडे स्वस्तात मिळत आले आहेत, डॉस किंवा उबुंटू (लिनक्सचाच एक अवतार) घातलेले. गिऱ्हाईक पैसे देतं आणि दुकानातच कुणीतरी त्यावर विंडोज टाकून देतो, परवान्याची चौकशी न करता. कंपनीच्या हिशेबात यंत्र उबुंटूचं, घरात विंडोजचं, आणि मायक्रोसॉफ्टच्या विक्रीत त्याचा पत्ताच नाही.

बातम्यांत येणारे टक्के बहुतेक वेळा वेबवरून काढलेले असतात. पान मागताना ब्राउझर आपली ओळख सांगतो. त्यात कार्यप्रणालीचं नाव असतं. स्टॅटकाउंटरसारखी संस्था आपला कोड बसवलेल्या संकेतस्थळांवर उघडलेली पानं मोजते. पानं, माणसं नव्हेत, यंत्रंही नव्हेत. दिवसभर बातम्या चाळणारा एकटा पोरगा तिथे दहा जणांइतका भरतो. उलट कोड नसलेल्या संकेतस्थळावर कुणी दिवसभर पीकविम्याचे अर्ज भरले, तरी त्याच्या नावावर शून्य. ओळखही धड नसते: विंडोज ११ या ओळखीत विंडोज १० सारखंच दिसतं. अँड्रॉइडच्या ओळखीत तर लिनक्स हे नाव असतंच, कारण गाभा तोच आहे. ते धरलं तर निलंग्याच्या बाजारातला जवळजवळ प्रत्येक खिसा लिनक्सचा.

मोजायची रीत बदलली की निकाल किती पालटतो, हे ब्राउझरच्या बाबतीत उघड दिसलं. मे २०१२ मध्ये स्टॅटकाउंटरने सांगितलं की क्रोमने इंटरनेट एक्सप्लोररला मागे टाकलं. त्याच काळात नेट अॅप्लिकेशन्स या मोजणी करणाऱ्या दुसऱ्या संस्थेच्या आकड्यांत एक्सप्लोरर निम्म्याहून वर होता. खोटं कुणीच बोलत नव्हतं. एक पानं मोजत होती. दुसरी भेट देणारे मोजून त्यांना देशोदेशीच्या इंटरनेट-लोकसंख्येचं वजन देत होती. कार्यप्रणालीचे आकडेही अशाच खुणांवरून निघतात, म्हणून लिनक्स एका टक्क्याने वाढल्याच्या बातमीवर मी तरी पेढे वाटणार नाही.

आता कोर्टात चला. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ई-कोर्ट्स प्रकल्पासाठी मुक्तस्रोत प्रणालीचं धोरण घेतलं आणि उबुंटूची न्यायालयांसाठी बेतलेली आवृत्ती देशभर दिली. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे केंद्राने घडवली. निलंग्यासारख्या तालुक्याच्या कोर्टातही तारखा, रोजनामा, उद्याचा बोर्ड हे सगळं तिच्यातूनच चालतं. हा वापर हौसेचा नाही. पक्षकाराची पुढची तारीख त्यावर अवलंबून असते. पण ही नोंद करताना स्टॅटकाउंटरचा कोड असलेलं एकही पान उघडत नाही, त्यामुळे त्या टक्क्यांत तिचा मागमूस नाही. एटीएमचंही तसंच. त्यातली बहुतेक यंत्रं विंडोजवर चालतात, रोज शेकडो माणसं त्यांना बोट लावतात, आणि एकही पान उघडत नाही.

गंमत अशी की याच अदृश्य यंत्रांची मोजणी सर्वांत पक्की होऊ शकते, कारण ती कुणाच्या तरी जडसंग्रह वहीत चढलेली असतात. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा आधार काढून घेतला, तरी एटीएम त्यावरच चालत राहिली. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्पे आखून दिले आणि जून २०१९ पर्यंत सगळ्या यंत्रांवर आधार असलेली कार्यप्रणाली बसवायला सांगितलं. तेव्हा कुणी ब्राउझरच्या टक्क्यांकडे पाहिलं नाही. प्रत्येक बँकेला आपल्या यंत्रांचा हिशेब स्वतःच द्यायचा होता. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा हिशेब मात्र कुणी कुणाला द्यायचा नसतो.